एकच फूटपट्टी, दोन शास्त्रे

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये संशोधकाचे काम मोजण्यासाठी सुचवलेला एच-निर्देशांक सांगायला सोपा आहे: ज्याच्या २० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे (इतर निबंधांतील उल्लेख) मिळाली, त्याचा निर्देशांक निदान २०. मात्र जीवरसायनशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ यांना या एकाच फूटपट्टीने मोजणे मला पटत नाही. प्रथिनांच्या मोजमापाविषयीचा ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, कारण ती पद्धत वापरणारे संशोधक त्याचा उल्लेख करत राहिले. स्वतः लाउरींना तो काही थोर निबंध वाटत नव्हता. गणितात मुळात निबंध कमी आणि संदर्भसूच्या आखूड, म्हणून उद्धरणेही कमी. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स तर फर्माच्या अखेरच्या प्रमेयाच्या सिद्धतेसाठी सात वर्षे गुपचूप झिजले.