तुम्ही विचारलंत म्हणून: मला कंपन्यांचा कळवळा आहे का?

"तुम्ही द्राक्षवाले, कंपन्या आणि एक्स्पोर्टर तुम्हाला बारा महिने पिळतात, आणि कंपन्यांविरुद्ध कुणी उभं राहिलं की तुम्हीच नाक मुरडता, असं कसं?" नाशकात कॉलेज रोडला पाहुण्यांकडे गेलो की चहा येण्याआधी हा प्रश्न येतो. तिथे उत्तर द्यायला गेलं की वाद होतो, म्हणून इथे लिहितोय.

तर कळवळा वगैरे काही नाही. २००३ ला दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने कोक-पेप्सीत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून आकड्यांसकट जाहीर केलं, कंपन्यांनी थयथयाट केला, मग शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिनेही सीएसईचे निष्कर्ष बरोबर धरले. ते काम मला तेव्हाही आवडलं होतं. आकडे उघड होते, कुणीही तपासून घ्या, आणि मागणी सरकारकडे होती की कोल्ड्रिंकला नीट स्टँडर्ड लावा. म्हणजे नियम झाला तर सगळ्यांना सारखा, आणि पटला नाही तर भांडायला समोर कुणीतरी आहे.

माझं भांडण दुसऱ्या पद्धतीशी आहे, ती म्हणजे एखाद्या ब्रँडला चारचौघात लाज आणायची, तो झुकला की फोटो काढायचा आणि पुढच्या ब्रँडकडे जायचं. जर्मनीत ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने २००५ च्या सुमारास सुपरमार्केटमधली फळं-भाज्या तपासल्या आणि लिडल या चेनचं नाव पार तळाला टाकलं. लिडलने लगेच ठरवलं की आपल्याकडे येणाऱ्या मालात फवारलेल्या औषधाचा अंश कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत पाहिजे, मग बाकीच्या चेनवाल्यांनीही आपापली गणितं मांडली. तिकडे मोहीम जिंकली. ग्राहकाला स्वच्छ फळ मिळालं हे चांगलंच, त्यात वाद नाही. पण हे साधायचं कुणी, तर तिकडे द्राक्षं पाठवणाऱ्या आमच्या दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याने, आणि या अटीबरोबर भाव वाढवून द्या असं त्या मोहिमेत कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर.

आमच्याच प्लॉटचं सांगतो. विरळणी झाली, मणी फुगायला जीए या संजीवकात घड बुडवून झाले, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाघडाला पेपर लावले, सगळी मजुरी रोख. लॅबचा रिपोर्ट आला, युरोपच्या एमआरएलमध्ये, म्हणजे अंशाच्या कायदेशीर मर्यादेत, सगळं पास. संध्याकाळी पॅकहाऊसवाल्याचा फोन, "दादा रिपोर्ट चांगलाय हो, पण या पार्टीला वन थर्ड लागतं, एक बुरशीनाशक जरा वर दिसतंय." पार्टी कोण, तर ते सांगता येत नाही. दाद कुठे मागायची? कायदा तर आम्ही पाळलाच होता, आणि खाजगी अटीला ना कोर्ट ना कलेक्टर. माल लोकल व्यापाऱ्याला गेला, त्याने गाडी भरताना जो भाव सांगितला तो घेतला, एक्स्पोर्टसाठी केलेला खर्च अंगावर.

आणखी एक अट अशी की सॅम्पलमध्ये अमुक इतकीच औषधं दिसली पाहिजेत, जास्त नकोत. कागदावर किती छान वाटतं ना! आता फुलोऱ्यात बेमोसमी पाऊस पडला, पानामागे डाउनीची पांढरी बुरशी दिसली, की औषधं आलटूनपालटून मारायची असतात, कारण एकच परत परत मारलं की रोग त्याला दाद देईनासा होतो. हे द्राक्षातलं पोरगंही सांगेल. मग आकडा कमी दिसावा म्हणून तेच ते मारायचं आणि पुढच्या वर्षी तेच औषध फुकट जायचं. ही अट काढणाऱ्याने आणि ती काढायला लावणाऱ्याने एकदा ऑक्टोबर छाटणीनंतर इकडे येऊन बघावं, जेवणाचं मी बघतो.

लोक म्हणतात मग आंदोलनच करायचं नाही का? अहो, १९८० ला शरद जोशींचं कांद्याचं आंदोलन याच जिल्ह्यात झालं, माझे वडील रस्त्यावर बसले होते, लाठ्या कशा पडल्या ते रंगवून सांगायचे. पण रस्त्यावर बसलेले तेच होते ज्यांचा कांदा होता. मागणी चुकली असती तर फटकाही त्यांनाच बसला असता, त्यामुळे मागणी काय करायची यावर आधी गावोगाव डोकेफोड व्हायची. बर्लिनमध्ये, किंवा मुंबईत बसून मोहीम चालवणाऱ्याला हा धाक नसतो. त्याची नियत वाईट असते असं मी म्हणत नाही, बरीचशी मंडळी पोटतिडकीनेच करतात, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं आणि त्यांना ते दिसतही नाही.

सह्या मागायला पोरं येतात अधूनमधून, हुशार असतात, बोलतात छान. मी कागद पूर्ण वाचतो आणि विचारतो, कंपनीने तुमचं ऐकलं तर तिला माल देणाऱ्याला काय मिळणार ते यात कुठे लिहिलंय? बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. मग मी सही करत नाही, आणि पाहुण्यांकडे बातमी पोचते की अमुक काका कंपन्यांना विकले गेलेत.