चवथीच्या फोटोंचे तीन रंग आणि कॉम्पॅक्टचा व्हाइट बॅलन्स

चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, फोटो घरच्या ग्रुपवर पडायला लागले की एकच मूर्ती तीन रंगांत दिसते. एका फोटोत पिवळी, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात हिरवट. कॅमेरा तोच, खोली तीच, मधे पाच मिनिटंही गेलेली नसतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग वजा करून पांढरं पांढरंच दाखवणारं सेटिंग, ऑटोवर असलं की असं होतं, कारण कॅमेरा दर फ्रेमला नव्याने अंदाज बांधतो. म्हणून खिशातल्या छोट्या, म्हणजे कॉम्पॅक्ट, कॅमेऱ्याने अल्बम करायचा असेल तर आधी ऑटो बंद करा. एक सेटिंग निवडा आणि ते हलवू नका. ते थोडं चुकलं तरी चालतं. सगळे फोटो सारखेच चुकले असले तर एकच दुरुस्ती सगळ्यांना लागू पडते. प्रत्येक फोटो आपापल्या परीने चुकला असला तर प्रत्येकासाठी वेगळं बसावं लागतं.

ऑटोचा ढोबळ तर्क असा की चौकटीतले सगळे रंग एकत्र कालवले तर सरासरी करडी यायला हवी. आली नाही तर तो प्रकाशालाच रंग आहे असं धरतो आणि फोटो उलट्या रंगाकडे ढकलतो. अलीकडचे कॅमेरे याहून बरीच हुशारी करतात, पण जुन्या कॉम्पॅक्टमध्ये हा तर्क उघडा पडतो. गोव्यात त्याला फसवणाऱ्या गोष्टींची कमी नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची गिलावा नसलेली चिऱ्यांची भिंत चौकटभर आली की भिंतीचा तांबूसपणा विझतो आणि पुढे उभ्या माणसाचा पांढरा सदरा निळा पडतो. श्रावणातल्या शेतात हिरवं कमी करण्याच्या नादात ढग गुलाबट होतात. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्तात तर जो रंग टिपायला आपण थांबलेलो असतो तोच तो धुऊन टाकतो. तिन्ही ठिकाणी उघड्यावर इलाज एकच: मेनूतलं सूर्याचं चिन्ह, म्हणजे डेलाइट. सूर्यास्ताला ढगाचं चिन्ह लावलं तर केशरी आणखी दाट होतो. काहींना ते आवडतं, मला जरा भडक वाटतं.

थोडे आकडे डोक्यात असलेले बरे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. समईची ज्योत साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब २७०० ते २८५०, दुपारचं ऊन आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश ५५०० च्या आसपास, ढगाळ आभाळ ६५००, मोकळ्या आभाळाखालची सावली ७५०० किंवा त्याहून वर. घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबवर बहुधा ६५०० छापलेलं असतं. हे आकडे सरळ वजाबाकीने मात्र तोलू नयेत. २७०० आणि ३००० मधला फरक ५५०० आणि ६५०० मधल्या फरकापेक्षा मोठा असतो. दहा लाखाला केल्विनने भागून बघा: पहिल्या जोडीत ३७० आणि ३३३, फरक ३७, दुसरीत १८२ आणि १५४, फरक २८. त्यामुळे दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्या उजेडातल्या फोटोवर केल्विनचा स्लायडर ५० ते १०० नेच हलवावा, उन्हातल्यावर ३०० ते ४०० ने हलवला तरी हरकत नाही. आणखी एक गोंधळ नेहमीचा: रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न बनवता ठेवलेल्या कच्च्या फाइलवर, स्लायडर ३००० वर नेला की फोटो निळा होतो, पिवळा होत नाही. तो आकडा खोलीतल्या उजेडाचा असतो. उजेड इतका पिवळा होता असं आपण सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढा पिवळेपणा काढून घेतं.

घरात डेलाइटने भागत नाही, तिथे कस्टम व्हाइट बॅलन्स लावावा, म्हणजे त्या उजेडाचं माप स्वतः घेऊन कॅमेऱ्याला द्यावं. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचं चिन्ह म्हणजे दोन त्रिकोण आणि मधे एक चौकोन. निकॉनच्या कूलपिक्समध्ये प्रीसेट मॅन्युअल म्हणून सापडेल. फ्लॅश बंद करा. करडं कार्ड (फोटोसाठीच मिळणारं, कुठल्याही रंगाकडे न झुकणारं) मूर्तीच्या जागी, मूर्तीवर पडतो त्याच उजेडात धरायला कुणाला तरी सांगा. स्वतःच्या हातात धरलेलं कार्ड खिडकीचा उजेड घेतं आणि सगळं माप बिघडतं. झूम करून कार्डाने मधला भाग भरा आणि पडद्यावर दाखवलेलं बटण दाबा. दिवे बदलले की माप पुन्हा घ्यायचं.

करडं कार्ड नसलं तर टीव्हीच्या खोक्यातला स्वच्छ थर्माकोलचा तुकडा पुष्कळ बरा. झेरॉक्सचा कागद मात्र टाळा. त्यात चमक आणणारं रसायन असतं, ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करतो आणि सगळा फोटो किंचित पिवळा येतो. नीळ दिलेला पांढरा सदरा किंवा धोतर तर त्याहून वाईट.

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये कस्टमची सोयच नसते. तिथे बल्बचं किंवा ट्यूबचं चिन्ह निवडून ते पक्कं ठेवा आणि पहिली फ्रेम त्याच कार्डाची काढा. ती एक फ्रेम पुढे घरी सगळ्यात उपयोगी पडते.

आता माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगलेली चौकट. गोव्याच्या घरातला हा सर्वांत अवघड विषय आहे, कारण तिच्यावर एका वेळी चार प्रकारचे उजेड पडतात: राजांगणातून, म्हणजे घरातल्या उघड्या चौकातून, येणारा पावसाळी निळसर उजेड, छताची ट्यूब, खालच्या समया आणि मखराभोवतीची रंगीत माळ. वरचा चिबूड आणि सुपारीचा घोस निळ्या उजेडात, मूर्तीचा चेहरा पिवळ्या, आणि माळ आपला रंग पाच सेकंदांनी बदलणार. कुठलंही एक माप या चौघांना पुरत नाही. उजेडच कमी करणं हा खरा उपाय. मुख्य फोटोपुरती माळ बंद करा, ट्यूबही बंद करा, आणि राजांगणाकडचं दार पूर्ण उघडून ढगाचं चिन्ह लावा. समया किंचित केशरी येतील, त्या तशाच हव्यात. रात्रीचा फोटो असेल तर उलट करा: दार लावून घ्या, ट्यूबऐवजी पिवळसर एलईडी बल्ब ठेवा आणि ३२०० ते ३५०० च्या दरम्यान थांबा. समईच्या उजेडातली मूर्ती पूर्ण पांढरी करून टाकणारे फोटो अचूक असतील, पण ते दुकानातल्या मूर्तीचे वाटतात.

फ्लॅशचा मोह आवरा. तो ५५०० चा, खोली २८०० ची. मूर्तीचं नाक निळं आणि मागची भिंत नारिंगी येते. लावायचाच असेल तर फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जिलेटीनचा पारदर्शक तुकडा चिकटवा आणि कॅमेरा बल्बच्या चिन्हावर ठेवा. मग दोन्ही उजेड एका जातीचे होतात. जिलेटीन थोडा उजेड खातं, तेव्हा एक-दोन पावलं पुढे या.

काही गोष्टी व्हाइट बॅलन्सने सुटत नाहीत हे लवकर कळलेलं बरं. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल मुळातच कमी असतो. करडं कार्ड अगदी करडं येतं, तरी जास्वंद आणि कुंकू मळकट दिसतात. तिथे लाल रंगाचा स्लायडर वेगळा थोडा वाढवावा लागतो. चोकवाल्या जुन्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढ-उतार करतो आणि त्याबरोबर त्याचा रंगही सरकतो. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर लागोपाठच्या फोटोंत रंग वेगळा येणारच. १/५० किंवा १/१०० ठेवलं की हा खेळ थांबतो. ट्यूबचा हिरवटपणा केल्विनच्या स्लायडरने जात नाही, त्याला टिंट हा हिरवा-किरमिजी स्लायडर लागतो, तो किरमिजीकडे न्यायचा. माडांखालच्या सावलीतही पानांतून गाळलेला हिरवा उजेड असतो, तोही टिंटनेच काढावा. शिगम्याच्या चित्ररथांवरच्या रंगीत दिव्यांना मात्र काही करायला जाऊ नका. डेलाइट लावा आणि जसे येतील तसे येऊ द्या.

अबोली आणि झेंडूची गोष्ट वेगळी आहे. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत, म्हणजे चॅनलांत, ० ते २५५ मधे लिहिलेला असतो. तिथे लाल चॅनल २५५ ला जाऊन टेकतो, पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात आणि फुलाचा सपाट केशरी डाग उरतो. रंग दुरुस्त करून गेलेला तपशील परत येत नाही. काढतानाच एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने (कॅमेऱ्यात −२/३ किंवा −०.७) खाली घ्या.

आता दुरुस्ती. कॅमेरा रॉ देत असेल तर व्हाइट बॅलन्सची चिंता जवळजवळ संपते, कारण ते माप फाइलमध्ये फक्त टिपून ठेवलेलं असतं. कॅननचे एस९० आणि एस९५, सोनीचा २०१२ चा आरएक्स१०० असे जुन्या बाजारात मिळणारे छोटे कॅमेरे रॉ देतात. कॅननच्या बऱ्याच जुन्या पॉवरशॉटमध्ये सीएचडीके हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवून रॉ मिळवता येतं. कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर त्यात बदलत नाही. बाकीच्यांना जेपेगवर भागवावं लागतं, आणि जेपेगला मर्यादा आहे. १२ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. पिवळ्या बल्बखाली डेलाइटवर काढलेल्या फोटोत कार्डावर निळा चॅनल ४० च्या आसपास असला आणि तो १२० वर न्यायचा असला, तर त्या पायऱ्या तिप्पट ताणल्या जातात. त्यांतला कणकणपणाही (नॉइज) तिप्पट होतो, आणि सावलीत निळे-जांभळे डाग उठतात. असा फोटो पूर्ण दुरुस्त करू नये. दोन तृतीयांश करून थांबावं, थोडा पिवळा राहू द्यावा.

गिम्प या मोफत फोटो-सॉफ्टवेअरमध्ये कृती अशी. कार्डाची फ्रेम उघडा, कलर्समधून लेव्हल्स घ्या. तिथल्या तीन ड्रॉपरपैकी मधला, करड्या बिंदूचा, उचलून कार्डावर टोचा. जिथे तिन्ही आकडे १०० ते २०० मधे आहेत अशी जागा घ्या. २४० च्या वर एखादा चॅनल जळालेला असण्याची शक्यता असते आणि मग ड्रॉपर खोटं सांगतो. जुन्या कॅमेऱ्याच्या कणकणीत एकच पिक्सेल फसवू शकतो, तेव्हा तीन-चार ठिकाणी टोचून बघा. पटलं की हे सेटिंग नाव देऊन जतन करा आणि त्या उजेडातल्या बाकी फोटोंवर तेच लावा. ऑटोमधली व्हाइट बॅलन्सची आयती आज्ञा समईच्या फोटोंवर वापरू नका. ती प्रत्येक चॅनलची दोन्ही टोकं ०.०५ टक्के कापून उरलेलं ताणते, आणि समईच्या फोटोत खरा पांढरा असा काही नसतोच. शंभर-दोनशे फोटो असतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी बरं, एका फोटोची दुरुस्ती कॉपी करून सगळ्यांवर एकदम चिकटवता येते. दोन्ही मोफत आहेत आणि जेपेगही उघडतात. फोनवर स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपर आहे. एखाद-दुसऱ्या फोटोला तेवढा पुरे.

कार्डाची फ्रेम काढलेली नसेल तर माणसाचा चेहरा बघा. गालावरच्या आकड्यांत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम हवा. निळा हिरव्याच्या वर गेला असेल तर फोटो जास्तच थंड किंवा जांभळट झालाय. आकड्यांवर भर देण्याचं कारण पडदा. फोनचा नाइट लाइट चालू ठेवून रात्री केलेली दुरुस्ती सकाळी निळी दिसते. तो बंद करा, आणि पडद्याचा व्हिव्हिड मोडही काढा.

पाठवण्याआधी लांब बाजू २०४८ पिक्सेल, दर्जा ८५ ते ९०, रंग एसआरजीबीत, म्हणजे बहुतेक पडदे आणि अ‍ॅप गृहीत धरतात त्या नेहमीच्या रंगपद्धतीत. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी ही दुसरी रंगपद्धत निवडलेली असेल तर प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये रंग फिके पडतात. एकच जेपेग उघडून पुन्हापुन्हा जतन करू नका, दर वेळी थोडं झिजतं. मूळ फाइल वेगळी ठेवा. अल्बममध्ये दोन कॅमेऱ्यांचे फोटो मिसळणार असतील तर कार्डाची फ्रेम दोघांनीही काढायची, कारण डेलाइट हे चिन्ह एकच असलं तरी दोन कंपन्यांचा रंग सारखा येत नाही. त्याच वेळी दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळही जुळवून घ्या, नाहीतर वेळेनुसार लावलेल्या अल्बममध्ये आरती प्राणप्रतिष्ठेच्या आधी येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. ज्याला छापायचा आहे त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते. मात्र अशा फाइलबरोबर तिच्यातली सगळी माहितीही जाते. कॅमेऱ्यात जीपीएस असेल, किंवा फोनच्या अ‍ॅपने फोटोंवर ठिकाण टाकलं असेल, तर त्यात घराचा पत्ताही आला. बाहेरच्या कुणाला पाठवताना एक्सपोर्टमध्ये एक्झिफची, म्हणजे याच माहितीची, खूण काढून टाका.