उभ्या कडांची बशी

मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या काचसामानाच्या दुकानात ‘स्फटिकपात्र’ मागितलं तर दुकानदार क्षणभर थांबेल. ‘क्रिस्टलायझिंग डिश’ म्हटलं की लगेच विचारेल, ‘चोचीची की बिनचोचीची?’ प्रश्न बरोबरच आहे. चोचीच्या डिशमधून उरलेलं पाणी नीट ओतता येतं, पण तिच्यावर झाकण चपखल बसत नाही. स्फटिक निवांत वाढवायचे असतील तर बिनचोचीची घ्यावी.

दिसायला ती म्हणजे परातीचा तळ आणि डब्याच्या उभ्या कडा. उंची व्यासाच्या निम्म्याहून थोडीच जास्त. 300 मिलीची डिश साधारण 95 मिमी रुंद असते आणि 55 मिमी उंच. तिच्यात 150 मिली द्रावण ओतलं तर ते दोन सेंटिमीटरच्या आसपास चढतं. तेवढंच द्रावण 70 मिमी व्यासाच्या बीकरमध्ये चार सेंटिमीटरला टेकतं. म्हणजे डिशमध्ये हवेला भिडणारा पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट, म्हणून पाणीही लवकर आटतं. शिवाय सपाट तळावर स्फटिकांना हातपाय पसरायला जागा मिळते. बीकरच्या तळाशी ते विरारच्या लोकलसारखे एकमेकांत घुसतात आणि सुटे करताना तुटतात.

शिकायला तुरटी सगळ्यात गुणी. 100 मिली पाण्यात 35 ग्रॅम तुरटी घालून 60 अंशांपर्यंत तापवायची, गरम असतानाच गाळायची आणि कोमट पाण्याने धुतलेल्या डिशमध्ये ओतायची. थंड डिशमध्ये ओतलं की काचेला लागताच भुगा खाली बसतो. पुस्तकात 20 अंशांना 100 मिली पाण्यात 14 ग्रॅम तुरटी विरघळते असा आकडा असतो. मे महिन्यातल्या मुंबईत 20 अंश कुठून आणायचे? खोली तिशीच्या वर असते, त्यामुळे त्याहून जास्त तुरटी पाण्यातच राहते आणि हाती येणारं पीक हिशेबापेक्षा कमी भरतं. चूक हाताची नसते, हवेची असते.

यानंतरचं काम दही लावण्यासारखं. विरजण म्हणून तुरटीचा एक नितळ दाणा सोडायचा, तोही द्रावण गार झाल्यावर. गरम द्रावणात तो विरघळून जातो. दाणा नसेल तर काचकांडीने तळाशी आतून हलकेच घासायचं. कोऱ्या, गुळगुळीत डिशमध्ये द्रावण तासन्‌तास गप्प राहतं. उलट जुन्या, चरे पडलेल्या डिशमध्ये प्रत्येक चऱ्यावर एकेक दाणा धरतो आणि मोठ्या खड्यांऐवजी रवा मिळतो. म्हणून चिकटलेले स्फटिक चमच्याने खरवडून काढू नयेत, कोमट पाण्यात भिजवावेत. डिशचं निम्मं आयुष्य या खरवडण्यात संपतं.

वर भोकं पाडलेला गाळणकागद टाकायचा आणि पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर आधी आटतो आणि तिथे साय धरते. एसीचा घोळ वेगळाच. दिवसा चालू, रात्री बंद. रात्री द्रावण कोमट झालं की स्फटिकांना दिवसभरात आलेल्या कडा विरघळून गोल होतात. काही क्षार पाणी आटताना काचेवरून वर चढतात आणि कड ओलांडून बाहेर टेबलावर उतरतात. कडेला आतून व्हॅसलीनचं पुसट बोट फिरवलं की ही चढाई थांबते.

काच बोरोसिलिकेटची, म्हणजे उष्णता सोसणारी असली तरी या डिशला थेट ज्योत दाखवू नये. तळ मोठा आणि सपाट असतो. मधोमध तापतो, कड गार राहते आणि या ओढाताणीत तडा जातो. गंमत अशी की बऱ्याच प्रयोगशाळांत ही डिश स्फटिक बघतच नाही. मॅग्नेटिक स्टररवर, म्हणजे चुंबकाने ढवळणाऱ्या यंत्रावर, सिलिकॉन तेल भरून तिला दुसरं भांडं तापवायचं तेलाचं न्हाणं करतात, आणि मग तो तेलकट थर कितीही घासला तरी जात नाही. एकदा तेलाला लावलेली डिश तेलालाच ठेवावी हे बरं.

मिठासाठी मात्र गार करण्याचा उपयोग नाही. 100 ग्रॅम पाण्यात गार असताना सुमारे 36 ग्रॅम मीठ मावतं आणि उकळतं असताना 39. ते आटवूनच काढावं लागतं. पूर्व द्रुतगती मार्गावरून दिसणारी भांडुप-मुलुंडची मिठागरं म्हणजे मातीच्या बांधांच्या अशाच उथळ डिशा, त्याही बिनझाकणाच्या. जूनमध्ये मिठागरांचा हंगाम संपतो तो केवळ पाऊस पडतो म्हणून नव्हे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढायला लागतं. जुलैत उघड्या खिडकीशी तुरटीची डिश रेंगाळत का होईना आटते. शेजारी ठेवलेली, मावेल तेवढं मीठ विरघळवलेल्या पाण्याची डिश मात्र आठवड्याने पाहावी तर थोडी भरलेलीच.