लिंबाखालची दावण

२०२५ चा मे महिना गोदाकाठाने उन्हात कमी आणि वळवाच्या पावसात जास्त काढला. सकाळी ऊन चटके द्यायचं, दुपारनंतर आभाळ भरून यायचं आणि दिवस मावळायच्या आत कुठल्या ना कुठल्या गावाहून फोन यायचा. मी परभणी जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहे. पावसाळ्याच्या तोंडावरचे हे दिवस आमच्याकडे घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांवरच्या लसीकरणाचे. त्या दिवशीही आम्ही एका गावात लसी टोचत होतो, तेवढ्यात शेजारच्या शिवारातून फोन आला.

"साहेब, आखाड्यावर ईज पडली. चार जनावरं जाग्यावरच गेली. गडी बी पडलाय, उठंना."

आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातली गोठ्याची, वस्तीची जागा. जनावरांचं मागून बघू, आधी १०८ ला फोन लावा, एवढं सांगून आम्ही निघालो. पोचलो तेव्हा पाऊस ओसरला होता, गडगडाट पूर्वेकडे लांब गेला होता. गडी शेडच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेला. भोवती दहाबारा माणसं, पण सगळी चार हात लांब. अंगात अजून करंट असतो, हात लावला की आपल्यालाही बसतो, अशी सगळ्यांची समजूत. मी जाऊन त्याचं मनगट धरलं. नाडी चालू होती, तो बोलत होता, पण दोन्ही पाय थंडगार, निळसर पडलेले आणि हलत नव्हते.

मी माणसांचा डॉक्टर नाही, तरी विजेच्या धक्क्यानंतर पायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पाय लुळे पडतात आणि बहुतेकदा काही तासांत ते पूर्ववत होतात, हे मला ठाऊक होतं. त्याला तसं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. हृदयाची तपासणी मात्र व्हायलाच हवी होती, म्हणून रुग्णवाहिका येताच त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. संध्याकाळी तो आपल्या पायांनी चालत लघवीला गेला, असा त्याच्या भावाचा फोन आला.

जमलेल्या माणसांना तिथेच स्पष्ट सांगितलं. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावायचा. श्वास आणि नाडी बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. वीज लागलेल्यांपैकी काहींचं हृदय नुसतं बंद पडलेलं असतं, ते परत सुरू होऊ शकतं. आपण लांब उभं राहून बघत बसलो, तर वाचणारा माणूसही हातचा जातो.

मग जनावरांकडे वळलो. आखाड्यावर जुना, चांगला उंच कडुलिंब. शेंड्याच्या खालून बुंध्यापर्यंत सालीचा वीतभर रुंद पट्टा सोलून निघालेला आणि सालीचे तुकडे पार पाणंदीपर्यंत उडालेले. विजेच्या उष्णतेने खोडातल्या रसाची क्षणात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. लिंबाच्या पलीकडे दावण. लाल कंधारी बैलांची जोडी, एक दुभती म्हैस आणि एक गोऱ्हा, चारही आडवे. एका बैलाच्या जबड्यात कडब्याचं धाट तसंच होतं, अर्धं चावलेलं. आजारी जनावर मरताना वैरण खात नसतं, त्यामुळे ते धाट बघूनच मला बरंचसं कळलं. मांडीच्या आतल्या बाजूला केस एका ओळीत करपले होते, त्याचा वास पावसातही येत होता. नाकातून रक्ताळ फेस आलेला आणि पोटं फुगायला लागलेली.

मालक साठीच्या पुढचे. ते काही बोलत नव्हते. त्यांचा पुतण्या मात्र अस्वस्थ झाला. "ईज पडलेली दिसतीय की साहेब. लिंब सोललाय. आता चिरफाड कशापायी?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण अचानक मेलेलं जनावर, नाकातून रक्त, झपाट्याने फुगणारं पोट, ही लक्षणं काळपुळीतही (अँथ्रॅक्स) दिसतात. काळपुळीचं जनावर उघडलं तर जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ती जमीन कितीतरी वर्षं धोक्याची राहते, माणसांनाही. म्हणून आधी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि मगच सुरी लावायची. आमच्या परिचराला पट्ट्या देऊन मोटारसायकलवर दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सहकाऱ्याचा 'काही नाही' असा फोन येईपर्यंत मी कुणाला जनावरांना हात लावू दिला नाही. समोर लिंब सोललेला दिसत असतानाही ही पायरी गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

शवविच्छेदनात शंका उरली नाही. रक्त काळपट, न गोठलेलं. श्वासनलिकेत फेस, फुप्फुसांत रक्त उतरलेलं.

हात धुताना मालक पहिल्यांदा बोलले. "डॉक्टर, ईज झाडावर पडली. जनावरं झाडाला लागून नव्हती, चांगली सात-आठ हात लांब होती. मग मेली कशी? अन् ती कालवड कशी राहिली?"

दावणीच्या टोकाला एक कालवड उभी होती, थरथरत, पण धडधाकट. प्रश्न अगदी नेमका होता. मी काडी घेतली आणि ओल्या मातीत बुंध्याभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळं काढली. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि तिथून चारी बाजूंना पसरत जाते. बुंध्याजवळ तिचा दाब सर्वांत जास्त, लांब जाऊ तसा कमी. जनावराचं तोंड झाडाकडे असेल तर पुढचे पाय आतल्या वर्तुळावर आणि मागचे पाय बाहेरच्या वर्तुळावर पडतात. दोन्हींच्या दाबात मोठा फरक, म्हणून प्रवाह पुढच्या पायांतून चढतो आणि मागच्या पायांतून उतरतो. वाटेत हृदय येतं. माणसाची दोन पावलं जवळजवळ असतात, त्यामुळे त्याच्यात फरक कमी पडतो आणि प्रवाह बहुतेक पायांतून पायांतच जातो. गड्याचे पाय गेले, पण जीव राहिला, त्याचं कारण बहुधा हेच. मेलेल्या चारही जनावरांची तोंडं लिंबाकडे होती. कालवड दाव्याला हिसका देऊन आडवी फिरली होती, तिचे चारही पाय साधारण एकाच वर्तुळावर आले असणार.

मालक बराच वेळ त्या वर्तुळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सावलीला बांधली, तेच वंगाळ झालं."

मी म्हटलं, "मामा, उन्हात सावलीला बांधली ते बरोबरच होतं. आभाळ आल्यावर तिथून हलवायची, एवढंच."

तोवर तलाठी आले, पंच बसले, पंचनामा सुरू झाला. महाराष्ट्रात वीज कोसळणं ही राज्याने जाहीर केलेली आपत्ती आहे, त्यामुळे मदत मिळते. तेव्हाच्या दराने दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि गोऱ्ह्याला २०,०००. बैलजोडी आज लाखाच्या आत मिळत नाही आणि पेरणी पंधरवड्यावर आलेली. तरी ही रक्कम मिळालीच पाहिजे, आणि ती बरीचशी माझ्या दाखल्यावर अवलंबून असते. २०२४ पासून राज्यात जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर अशी भरपाई मिळत नाही. बैलांचे आणि गोऱ्ह्याचे बिल्ले नीट होते. म्हशीचाही होता, पण म्हैस नुकतीच बाजारातून आणलेली, 'भारत पशुधन' या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत अजून आधीच्या मालकाच्या नावावर. घरातून बाजाराची पावती शोधून आणवली, बिल्ल्याचा जवळून फोटो घेतला आणि अहवालात जे आहे ते जसंच्या तसं लिहिलं. तेव्हापासून जनावर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, दावणीला बांधायच्या आधी नाव बदलून घ्या.

घरातल्या मावशींचा प्रश्न वेगळाच होता. म्हशीचं रेडकू तीन आठवड्यांचं. "ह्याला रातच्याला काय पाजू?" शेजारच्या आखाड्यावर नुकतीच व्यालेली म्हैस होती. तिथून दूध आणायचं, कोमट करून थोडं थोडं, दिवसातून तीनचारदा द्यायचं, असं ठरलं. जेसीबीने खोल खड्डा काढला, चुना टाकून जनावरं पुरली.

देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यात बहुतेक आपल्यासारखी रानात काम करणारी असतात. इशारे मिळत नाहीत असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या आसपास वीज पडत असेल तर सावध करतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, जनावरं झाडाखाली बांधू नका असं त्यात लिहिलेलं असतं. पण हा सगळा मुलूख सपाट. मैलभर रानात उंच काय, तर आखाड्यावरचं एक झाड, आणि त्याच्याखालीच पाण्याचा हौद, कडब्याची गंजी, दावण. झाडाखाली नको हे शेतकऱ्याला कळतं. मग कुठे, हे त्याला कुणीतरी रानात उभं राहून दाखवायला हवं. मला हे काम लसीकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून अंधार पडायच्या आत मी मालकांना आणि जमलेल्या शेजाऱ्यांना घेऊन आखाड्याभोवती फिरलो. लिंबाच्या उंचीच्या दुप्पट अंतर पावलांनी मोजलं. तारेच्या कुंपणाजवळची जागा बाद केली, कारण वीज लांब कुठे पडली तरी तारेतून येते. विहिरीवरच्या मोटारीच्या खांबाजवळची जागाही बाद. शेवटी बांधाच्या खालच्या अंगाला, जरा सखल पण पाणी न साचणारा तुकडा सगळ्यांना पटला. लोखंडी साखळ्यांऐवजी दावी, खुंट्या लाकडी आणि एकमेकींपासून लांब, म्हणजे एका जागी सगळी जनावरं सापडायची नाहीत. ढग गडगडला की न्यायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच ठेवायचं. पण न्यायला उशीर झाला आणि वीज डोक्यावर आली, तर जनावरांमागे धावायचं नाही, आपण आधी पक्क्या घरात जायचं, हेही बजावलं.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकल्या आणि फोटो पाठवला. त्यात एक खुंटी कुंपणाच्या फार जवळ दिसली, ती मी फोन करून हलवायला लावली.