मोकळ्या हवेत शून्य

कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर मशरूमच्या खोलीतून काढला, लांब केबलीसकट मागच्या दाराबाहेर मोकळ्यावर आणला आणि पंधरा मिनिटं थांबले. पडद्यावर आकडा स्थिरावला: शून्य. मोकळ्या हवेत आज साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग, कार्बन डायऑक्साइड असतो. शून्य कुठेच नसतो. म्हणजे दोन महिने मी ज्या आकड्यावर खोली चालवत होते तो खोटा होता, आणि तोडणीच्या मावशी सांगत होत्या ते खरं होतं.

माझं काम बटण मशरूमच्या खोल्यांची हवा सांभाळण्याचं. लोकांना वाटतं, एसी लावला की झालं. पण मशरूम झाडासारखं कार्बन डायऑक्साइड खात नाही. ते आपल्यासारखंच श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. कंपोस्टमध्ये बुरशीचे तंतू पसरत असतात तेव्हा खोली 24-25 अंशांवर, जवळजवळ बंद ठेवायची. त्या वेळी कार्बन डायऑक्साइड काही हजारांवर गेलेला चालतो, तंतूंना तो मानवतो. मग एक दिवस सगळं उलटं करायचं. हवेचं तापमान दोन-तीन दिवसांत 17-18 वर उतरवायचं, ताजी हवा वाढवत न्यायची, कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आसपास आणायचा. या बदलाने बुरशी तंतू वाढवायचं थांबवते आणि कंपोस्टवर पसरलेल्या मातीच्या थरावर, म्हणजे केसिंगवर, मोहरीएवढे पांढरे पिन, म्हणजे मशरूमचे कोंब, धरते. हा आमच्या पिकातला सगळ्यात नाजूक आठवडा. ताजी हवा कमी पडली तर पिन थोडे धरतात, आणि जे धरतात ते देठ ताणत वर येतात. टोपी लहान, देठ लांब, टोपीखालचा पडदा लवकर फाटून आतले काळपट पापुद्रे, म्हणजे गिल्स, दिसायला लागतात. टोपी मोकळ्या हवेत पोचवून बीजाणू सोडायचे, एवढंच बुरशीला कळतं. बाजारात मात्र असा माल दुसऱ्या प्रतीत जातो.

तीन नंबरच्या खोलीत नेमकं हेच दिसत होतं.

पहिल्या तोडणीच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "ताई, खोली कोंदलीय. आत गेलं की डोकं जड होतं." मावशी तोडणीच्या बायकांत सगळ्यात जुन्या. मी त्यांना पडदा दाखवला: 1,050 पीपीएम, आठवडाभर सरळ रेघ. "हवा बरोबर आहे मावशी, गरमीचा परिणाम असेल," असं म्हणाले आणि तापमान एक अंश खाली आणलं. दुसऱ्या दिवशी देठ अजून लांब. मग मी स्पॉनवर, म्हणजे मशरूमच्या बियाण्यावर, संशय घेतला, मग केसिंग जास्त ओलं झालं असेल म्हणून पाणी कमी केलं. मशरूम साधारण चोवीस तासांत दुप्पट होतं. त्यामुळे आमच्याकडे दोन दिवस चुकीच्या दिशेला जाणं म्हणजे तो फ्लश, पिकाचा तो बहर, हातचा जाणं.

मी आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणारी नाही, म्हणून हे जास्त लागलं. आर्द्रतेसाठी मी डिजिटल सेन्सरवर कधीच अवलंबून राहत नाही. 85 ते 95 टक्क्यांच्या पट्ट्यात ते सेन्सर थोड्याच महिन्यांत भरकटतात. म्हणून प्रत्येक खोलीत कोरड्या आणि ओल्या पाऱ्याची, म्हणजे एक साधा आणि एक ओली वात गुंडाळलेला अशा दोन थर्मामीटरची, जोडी लटकवलेली आहे. ओल्या पाऱ्याची वात दर आठवड्याला मी स्वतः धुते, पाणी डिस्टिल्डच घालते. वातीवर क्षार बसले की ती कमी ओली राहते आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते. कोरडा पारा 17 आणि ओला 15.7 असेल तर आर्द्रता साधारण 88 टक्के. हाच फरक अर्ध्या अंशाने कमी झाला तर आर्द्रता 92 च्या पुढे जाते, आणि तेवढ्यावर पाणी दिल्यानंतर टोप्या वाळत नाहीत. ओल्या टोपीवर जिवाणूंचे पिवळट-तपकिरी डाग पडायला काही तास पुरतात. एवढी काळजी आर्द्रतेची. कार्बन डायऑक्साइडची पडताळणी करायला हाताचा मीटर होता, पण त्यातला सेल गळून तो कपाटात पडला होता. तो दुरुस्त करून घ्या, असं मी दोनदा लिहून दिलं होतं. तिसऱ्यांदा दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींनी मला हाताला धरून खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, खालच्या रॅकपाशी नेलं. "इथं वाका आणि वास घ्या." कार्बन डायऑक्साइडला वास नसतो, हे मी त्यांना सांगणार होते. वाकले तर कंपोस्टचा गरम, जड वास जागच्या जागी साचलेला. ताज्या हवेच्या खोलीत तो वास इतका साचत नाही, पंखा तो ओढून नेतो. मी मान वर करून डँपरकडे, ताजी हवा आत सोडणाऱ्या झडपेकडे, पाहिलं. ताज्या हवेची पट्टी जवळजवळ मिटलेली होती. एवढं भरात आलेलं पीक आत, आणि डँपर दहा टक्के उघडा!

तेव्हा कुठे गणित जुळलं. डँपरची उघडझाप कंट्रोलर करतो आणि कंट्रोलर सेन्सरचं ऐकतो. सेन्सर खरं त्यापेक्षा कमी दाखवत असेल तर कंट्रोलर डँपर मिटत नेतो, जोवर खोटा आकडा ठरवलेल्या 1,050 वर येत नाही. ज्या सरळ रेघेचा मी मावशींना पुरावा दाखवला ती रेघ कंट्रोलरनेच आखलेली होती. सेन्सर कितीही बिघडला असता तरी ती सरळच आली असती.

शेजारच्या युनिटमधून चांगला मीटर मागवला. बाहेर 430, खोलीत 2,150. हजाराहून जास्त तफावत.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. दोन महिन्यांपूर्वी जुना सेन्सर गेला म्हणून नवा बसवला होता, त्यात स्वयंचलित कॅलिब्रेशन चालू होतं. ही सोय ऑफिस आणि वर्गांसाठी केलेली आहे. तिथे रात्री माणसं घरी जातात, हवा बाहेरच्यासारखी होते. त्यामुळे सेन्सर आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा पकडतो, तो म्हणजे मोकळी हवा, सुमारे 400, असं धरतो आणि स्वतःला तसं सरकवून घेतो. मशरूमच्या खोलीत रात्रीही श्वास चालूच असतो. तिथला आठवड्याचा सगळ्यात कमी आकडाही हजाराच्या वर. सेन्सर त्यालाच 400 मानायच्या दिशेने दर आठवड्याला थोडाथोडा सरकत राहिला. पीक संपल्यावर खोली रिकामी होते, दारं उघडतात, तेव्हा तो सावरला असता. पण खोली वाफेने 65-70 अंशांना निर्जंतुक करायची असते, म्हणून त्याआधी सेन्सर काढून ठेवायचा हा माझाच नियम. तो बंद अवस्थेत, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात असायचा. मोकळी हवा त्याला एकदाही मिळाली नाही.

बसवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ऑटो कॅलिब्रेशन आहे, त्याला हात लावायची गरजच नाही." मी विचारलं, सेन्सर कुठल्या जागेत लागणार आहे हे बघून ती सेटिंग ठेवली होती का. त्याला प्रश्नच कळला नाही. सेन्सर विकणाऱ्याने आत काय पिकतं आणि ते श्वास घेतं की नाही, एवढं विचारायला हवं होतं. आणि आमच्या व्यवस्थापनाने या दोन महिन्यांत तीन नंबरची खोली सगळ्यात कमी वीज खाते म्हणून तिचं कौतुक केलं होतं. बाहेरची हवा आत घेतली की ती थंड करावी लागते, चिलर जास्त चालतो. डँपर मिटलेला म्हणून बिल कमी. बैठकीत ते कौतुक मीही ऐकून घेतलं, मला छान वाटलं होतं.

सेटिंग बंद केली, सेन्सर मोकळ्या हवेत ठेवून 420 ला बांधला. डँपर एकदम उघडता येत नाही. कोरडी हवा घुसली तर पुढचे पिन जागच्या जागी वाळून तपकिरी होतात. दीड दिवस घेतला: दहा टक्क्यांवरून पंचवीस, पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर सोबत वाढवत, दर दोन तासांनी ओला पारा बघत, मग चाळीस. रात्री तिथेच थांबले. दुसऱ्या फ्लशचे पिन दाट आणि बुटके आले. पहिला फ्लश बहुतेक दुसऱ्या प्रतीतच गेला.

माझी एक मैत्रीण परवान्याखाली औषधी गांजा बंदिस्त खोल्यांत वाढवते. तिचं काम आमच्या अगदी उलटं. ती दिव्यांखाली सिलिंडरमधून गॅस सोडून हवा 1,000-1,200 पर्यंत चढवते, आणि फुलोऱ्यात आर्द्रता पन्नासच्या आसपास ठेवते, नाहीतर फुलांच्या आत करडी बुरशी धरते. तिला हे सांगितलं तर ती गप्प झाली. तिच्याकडे असा सेन्सर कमी दाखवायला लागला तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडाच राहील, आणि आत माणूस असेल. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या खोल्यांतल्या सेटिंग तपासल्या.

माझ्याकडेही आत माणसं होतीच. हे डोक्यातून जात नाही. केसिंग उकरायला बायका आत जातात तेव्हा कार्बन डायऑक्साइड चढलेलाच असतो. पडद्यावर 4,500 च्या खाली आकडा आल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा नियम मी पाळत होते. आठ तासांच्या कामासाठी धरली जाणारी मर्यादा 5,000 ची. हजाराची तफावत धरली तर त्या 5,500 मध्ये होत्या. काम दीड तासाचं, म्हणजे सरासरी काढली तर मर्यादा मोडली नाही. मी हे गणित तीन वेळा करून पाहिलंय. पण डोकं जड होतंय असं त्या सांगत असताना मी पडदा दाखवत होते.

मधल्या पिकाचा तोटा मी केसिंग कमजोर म्हणून नोंदवला होता आणि त्या पुरवठादाराला पत्रही गेलं होतं. ते मागे घेणारं पत्र मी लिहिलंय, ते अजून वरून सुटलेलं नाही.

तोडणीच्या वहीत शेरा लिहायचा एक रकाना असतो. काल मागची पानं चाळली. मावशींना लिहिता येत नाही, त्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतात. सहा आठवड्यांत तीनदा एकच शेरा आहे: "देठ लांब, खोली कोंदट." तिन्ही पानांखाली तपासनीस म्हणून माझी सही आहे.