सेसना १७२एस: ग्लाइड जमला, फ्लॅप्सही बऱ्यापैकी वळणावर आले

गेले तीन वीकेंड या एकाच विमानात गेलेत. फ्लाइटगिअर या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, उड्डाणाचं गणित करणाऱ्या जेएसबीसिम या प्रोग्रामवर, मी जी सेसना १७२एस बांधतोय ती क्रूझला (एका उंचीवर सरळ उडताना) अगदी पीओएचप्रमाणे, म्हणजे विमानाच्या पायलट हँडबुकप्रमाणे, उडत होती, ८५०० फुटांवर ७५ टक्के पॉवरला १२४ नॉट, पण उतरायला घेतली की खाली यायलाच तयार नाही. थ्रॉटल पूर्ण मागे, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) ३० अंशांवर, तरी रनवेवर तरंगत राहायची आणि अर्धा रनवे संपला की मग चाकं टेकायची.

आधी ग्लाइड, म्हणजे इंजिनशिवाय तरंगत खाली येणं, मोजला. वजन फुल म्हणजे २५५० पाउंड, वारा शून्य, इंजिन बंद, ६८ नॉटला ट्रिम करून (हात न लावता तोच वेग राहील असं सेट करून) सोडायची आणि ५००० वरून ४००० फुटांवर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं, बस. पीओएचमधल्या ग्लाइड चार्टप्रमाणे हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, म्हणजे त्या उंचीवर ७४ सेकंदांच्या आसपास. माझी आली ९८ सेकंद, म्हणजे जवळपास दोन मैल! ड्रॅग (हवेचा अडथळा) कुठेतरी कमी पडतोय हे नक्की.

मग मी जे सगळेच करतात तेच केलं, झीरो-लिफ्ट ड्रॅगचा, म्हणजे पॅरासाइट ड्रॅगचा, आकडा वाढवत गेलो. ग्लाइड बसला, पण क्रूझ १०८ वर आला. होणारच होतं, कारण ६८ नॉटला पॅरासाइट (विमानाच्या आकारामुळे होणारा) आणि इंड्यूस्ड (लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, तयार करताना होणारा) ड्रॅग साधारण निम्मे निम्मे असतात आणि क्रूझला बहुतेक सगळा पॅरासाइटच असतो, त्यामुळे ग्लाइडसाठी तिथे हात घातला की क्रूझला त्याचा फटका कितीतरी जास्त बसतो. दोन रात्री इकडे वाढव तिकडे कमी कर यातच गेल्या.

उत्तर चार्टच्या कोपऱ्यातच लिहिलेलं होतं. फ्लॅप वर, वारा शून्य, आणि प्रॉपेलर विंडमिल होतोय! म्हणजे तो ग्लाइड नुसत्या विमानाचा नाही, हवेने फिरणाऱ्या प्रॉपचा ड्रॅग त्यात धरलेला आहे. प्रॉपची फाइल उघडली तर थ्रस्टचा (ओढण्याच्या जोराचा) टेबल ॲडव्हान्स रेशो (विमानाचा पुढे जाण्याचा वेग आणि प्रॉपचा फिरण्याचा वेग यांचं गुणोत्तर) ०.९ ला संपतोय आणि शेवटचा आकडा शून्य. जेएसबीसिम टेबलाच्या बाहेर गेलं की शेवटचाच आकडा धरून ठेवतं, म्हणजे माझा प्रॉप विंडमिल होताना ना ओढत होता ना अडवत होता. क्रूझला हा रेशो ०.७३ च्या आसपास असतो आणि इंजिन बंद ग्लाइडमध्ये १ च्या वर जातो, म्हणून टेबल पुढे १.४ पर्यंत नेऊन आकडे उणे केले तरी क्रूझला धक्काही लागत नाही. ड्रॅगचा जुना आकडा परत ठेवला, तीनदा उडवून बघितलं, आता ७६ सेकंद येतात आणि क्रूझ १२४ च्या १२४. खरंच फार बरं वाटलं.

आता फ्लॅप्स. इथे माझी चूक वेगळीच होती आणि ती बऱ्याच जणांकडून होत असणार म्हणून नीट सांगतो. स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाही तो वेग) मी एअरस्पीड इंडिकेटरवरच्या, म्हणजे वेगाच्या मीटरवरच्या, पट्ट्यांवरून घेतले होते, फ्लॅप वर ४८ आणि फ्लॅप खाली ४०. ते जुळवायला ३० अंशांना लिफ्टमध्ये ०.८ च्या वर वाढ द्यावी लागली. पण हे इंडिकेटेड, म्हणजे मीटरवर दिसणारे, आकडे आहेत, इतक्या कमी वेगाला आणि नाक एवढं वर असताना खऱ्या विमानाचं मीटर बरंच कमी दाखवतं. कॅलिब्रेटेड, म्हणजे मीटरची ती चूक दुरुस्त केलेले, आकडे आहेत ५३ आणि ४८. माझ्या मॉडेलमध्ये मीटरची ती एरर घातलेलीच नाही, म्हणजे मीटर कॅलिब्रेटेड स्पीडच दाखवतं. १७४ चौरस फुटांच्या पंखावर हिशेब केला तर कमाल लिफ्ट कोइफिशियंट (पंख जास्तीत जास्त किती लिफ्ट देऊ शकतो त्याचा आकडा) १.५४ वरून १.८८ वर जातो, म्हणजे वाढ फक्त ०.३४! मी दुपटीहून जास्त लिफ्ट देऊन बसलो होतो, मग ती तरंगणार नाही तर काय.

फ्लॅप्सचा टेबलही सरळ रेषेत होता, दर १० अंशांना तेवढीच लिफ्ट, तेवढाच ड्रॅग. खऱ्या फ्लॅपचं तसं नसतं, पहिल्या १० अंशांत लिफ्ट भरपूर मिळते आणि शेवटच्या १० मध्ये जास्त करून ड्रॅगच. आता लिफ्ट ०.२०, ०.३०, ०.३५ अशी ठेवलीये आणि ड्रॅग ०.००७, ०.०१६, ०.०३०. फायनलला ३० टाकले की लगेच जाणवतं, वेग टिकवायला नाक खाली घालावं लागतं आणि रनवे काचेत वर सरकतो. आधी फ्लॅप एका क्षणात उघडायचे आणि विमान जोरात वर उसळायचं, कायनेमॅटिक या फ्लॅप हळूहळू हलवणाऱ्या सेटिंगमध्ये प्रत्येक टप्प्याला ३ सेकंद दिल्यावर तो झटका गेला, हलकी उसळी येते ती यायलाच हवी.

गो-अराउंडही (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) करून बघितला. पूर्वी ३० अंशांवरच मजेत चढायची. आता पॉवर पूर्ण देऊनही रडतखडत चढते, पीओएचमध्ये सांगितलंय तसं लगेच २० वर आणले की श्वास घेतल्यासारखी उचलते. जुन्या १७२ ना तर ४० अंशांपर्यंत फ्लॅप होते, १९८१ च्या १७२पी पासून ते ३० वर आणले. हे ३० वरचं चढणं बघितल्यावर ४० लावून गो-अराउंड करताना काय होत असेल याचा अंदाज येतो.

राहिलंय ते पिचिंग मोमेंट, म्हणजे नाक वर-खाली फिरवणारा जोर. पहिल्या १० अंशांना नाक वर जातं ते बरोबर आहे, पण योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) किती जोर लावावा लागतो ते मला फक्त व्हिडिओवरून समजत नाहीये. कोणी खरी १७२एस उडवली असेल तर ८५ नॉटला ट्रिम केलेली असताना फ्लॅप १० टाकल्यावर हात न लावता ती कुठे जाऊन स्थिर होते एवढं सांगा, तो एक आकडा मिळाला की पुढच्या वीकेंडला तेच घेतो.