बोर्ड ११ सुटला: किलवर राजाचा बळी

मंडळी, आपल्या ब्रिजच्या टेबलावरचा बोर्ड ११ (सगळ्या टेबलांवर खेळलेला एकच डाव) एकदाचा सुटला. टेबलावर सगळ्यांचे नऊ-दहा हात झाले आणि संगणक आठच म्हणतो, तेच ते कोडं. ‘सॉफ्टवेअरच गंडलंय’ म्हणून ज्यांनी हात झटकले होते, त्यांनी शनिवारी चहाचं बघायचं. या वेळी लेबेनसोलवर (बोलीची एक पद्धत) लिहिणार होतो, ते पुढं ढकलतो. भिडूचीही हरकत नाही, कारण त्याला ते पाठ झालेलं नाही.

नवीन आलेल्यांसाठी पानं पुन्हा मांडतो. वाटप दक्षिणेचं, कोणीच व्हल्नरेबल नाही, म्हणजे दंड आणि बोनस लहान.

उत्तर (डमी, पानं उघडी; ती दक्षिणच खेळतो): ♠ ८ ६ २ ♥ ९ ५ ३ ♦ राजा राणी गुलाम १० ६ ♣ एक्का ५
पूर्व: ♠ १० ७ ४ ♥ एक्का ६ ♦ एक्का ८ ५ ♣ राजा १० ९ ७ ३
दक्षिण: ♠ एक्का राजा गुलाम ३ ♥ राजा राणी ७ ४ ♦ ७ ३ ♣ राणी ६ २
पश्चिम: ♠ राणी ९ ५ ♥ गुलाम १० ८ २ ♦ ९ ४ २ ♣ गुलाम ८ ४

बोलीत सांगण्यासारखं काही नाही. दक्षिणेचा एक नो ट्रम्प (हुकुमाविना), १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). उत्तरेचा थेट तीन नो ट्रम्प, म्हणजे नऊ हात करायचे. एका टेबलावर उत्तरेने मध्ये स्टेमन (भिडूकडे इस्पिक किंवा बदाम चार आहेत का, ही विचारणा) घुसवलं. इस्पिक-बदाम तीन-तीन असताना स्टेमन कशासाठी, हे मी विचारलं नाही. उतारी (पश्चिमेचं पहिलं पान) जवळजवळ सगळीकडे बदाम गुलाम. एकानेच इस्पिक पंजी उतरवली आणि दक्षिणेला गुलामाचा हात फुकट दिला.

ट्रॅव्हलर (सगळ्या टेबलांच्या निकालाचा कागद) बघितलं तर सगळीकडे तीन नो ट्रम्प झालेला, कुठं नऊ हात, कुठं दहा. माझ्याकडे दक्षिणेची पानं होती. नऊ हात कसे होतात हे सांगायलाही नको: चौकटीचे चार, बदामाचे दोन, इस्पिकचे एक्का-राजा, किलवर एक्का. पूर्वेने चौकट एक्का कितीही दाबून ठेवला तरी डमीत जायला किलवर एक्का आहेच.

आणि डबल डमी सॉल्व्हर (चौघांची पानं बघून अचूक खेळणारं सॉफ्टवेअर) म्हणतो, दक्षिणेला नो ट्रम्पमध्ये आठच हात. बदाम गुलामाच्या उतारीनंतरही आठच.

त्या आकड्यानं डोकं खाल्लं. कुठलं पान मारक आहे हे सॉल्व्हर एका क्लिकवर दाखवतो, पण ते बघायचं नाही असं ठरलं होतं. आमच्यातल्या डॉक्टरांनी लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला, तो आजतागायत तिथंच. सॉल्व्हरबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. त्याला चौघांचीही पानं दिसतात, त्यामुळं तो फिनेस (मोठं पान कुणाकडे आहे या अंदाजावरची खेळी) कधी चुकत नाही. त्याच्याकडून आकडा घ्यावा, शहाणपण घेऊ नये.

मग आम्ही उलट्या बाजूनं निघालो. पहिला हात पूर्वेने बदाम एक्क्याने घेतला. एक्का दाबून छक्की टाकली तर दक्षिण राणीने हात घेऊन सरळ चौकटीवर जातो, म्हणजे एक्का लावणं भागच. आता पूर्वेकडून काय निघू शकतं? बदाम परत दिलं तर नऊ होतात. इस्पिकवर नऊच काय, दहाही होतात. चौकट एक्का काढून खेळणं म्हणजे दक्षिणेचंच काम करणं. उरलं किलवर. वकीलसाहेबांनी लहान किलवर खेळून बघितलं. दक्षिणेने राणी लावली, राणी जिंकली, डमीतला एक्का जागेवरच. दश्शी खेळली तरी तेच. इथं आम्ही सगळे अडकलो, आणि ‘आठ हात’ हा छापखान्याचा दोष आहे असा ठराव व्हायच्या बेतात होता.

तोडगा सरांना दिसला. त्यांनी पूर्वेच्या हातातून किलवर राजा काढला आणि टेबलावर उताणा ठेवला. वकीलसाहेब ओरडलेच, “सर, राजा कामून फेकायलाव? समोर एक्का बसलाय की!”

समोर एक्का बसलाय म्हणूनच. एक्क्याने राजा मारला की डमीतली एकुलती एंट्री, म्हणजे तिथं जायची वाट, गेली. मारला नाही, पंजी टाकली, तर पूर्व पुन्हा किलवर खेळतो आणि आता डमीत नुसता एक्का उरलेला, तो पडणारच. पुढं चौकट खेळली की पूर्व पहिल्यांदा सोडतो, दुसऱ्यांदा घेतो. दक्षिणेची चौकट संपली, डमीतली गुलाम, दश्शी आणि छक्की तयार होऊनही तिथंच अडकली. चौकटीचा एक, किलवरचे दोन, बदामाचे दोन, इस्पिक तीन-तीन फुटल्यामुळं एक हात देऊन तीन. आठ. आम्ही चौघांचीही पानं उघडी ठेवून दक्षिणेकडून जमेल ते सगळं करून बघितलं. डमीतून इस्पिकचा फिनेस घेतला, पश्चिमेला बदामात अडकवलं. नववा निघत नाही.

याला मेरिमॅक कू म्हणतात. १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात स्पेनचं आरमार सँटियागो दि क्युबाच्या बंदरात कोंडून टाकायला अमेरिकनांनी याच नावाचं कोळशाचं जहाज बंदराच्या तोंडाशी मुद्दाम बुडवायला नेलं होतं. ते नेमक्या जागी बुडलंच नाही आणि वाट मोकळी राहिली. आमच्या राजाने काम जास्त चोख केलं म्हणायचं. डॉक्टर याला देशापेल म्हणत होते, तो वेगळा. त्यातही मोठं पान असंच फेकायचं असतं, पण भिडूच्या हातात एंट्री तयार करण्यासाठी. इथं समोरच्याची एंट्री मारायची आहे.

कोडं सुटलं, पण माझ्या मते खरा प्रश्न इथून पुढं आहे. टेबलावर, दुसऱ्याच हाताला, दक्षिणेची पानं न दिसता पूर्वेला हे सुचणार कसं? आठवडाभर यावरच वाद चाललाय.

सरांची मांडणी मला पटली, तीच देतो. पूर्वेकडे ११ पॉइंट, डमीत १०. दक्षिणेकडे किमान १५. भिडूला उरले जास्तीत जास्त ४, त्यातला एक बदाम गुलामाचा. गुलामाची उतारी म्हणजे त्याच्या वर भिडूकडे काही नाही, बदाम राजा-राणी दक्षिणेकडेच. म्हणजे दक्षिणेचे बदामाचे दोन, चौकटीचे चार आणि किलवर एक्का मिळून सात हात पूर्वेला समोर दिसतायत. इस्पिकचे दोन कुठंही जात नाहीत. गप्प बसलं तर नऊ ठरलेले. मारायची असेल तर चौकटच मारायला हवी.

आता दक्षिणेकडे चौकट किती? एक नो ट्रम्प म्हटल्यावर दोन तरी असणारच. दोन असतील तर पूर्वेने एकदा सोडायची, तीन असतील तर दोनदा. पूर्वेकडेही तीन आहेत, त्यामुळं दोन्ही जमतं. चार असतील तर नशीब. किलवर राणी भिडूकडे असेल तरी राजा चालतो, दक्षिणेकडे असेल तर फक्त राजाच चालतो. आणि हे आत्ताच करायला हवं. चौकट एक्क्याने हात घेतल्यावर राजा काढला तर उशीर झालेला असतो: डमीचा एक्का तो हात घेतो आणि लगेच तयार चौकट चालू. भिडूच्या काउंटची (आपल्याकडे त्या रंगाची किती पानं, हा त्याचा इशारा) वाट बघत बसायला वेळच नाही.

वकीलसाहेबांचं म्हणणं, टीम्समध्ये ठीक, पेअर्समध्ये (जिथं बाकीच्या टेबलांशी तुलना होते आणि जादा हातही मोजला जातो) हा वेडेपणा आहे. दक्षिणेकडे किलवर राणी-गुलाम दोन्ही निघाले तर तुम्ही जादा हात दान केला, सगळे नऊ हातांचे ४०० गुण देत असताना तुम्ही दहाचे ४३० दिले, बोर्डावर शून्य. मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. गप्प बसून जास्तीत जास्त सरासरी मिळते. राजाने दक्षिण एका हाताने पडून आपल्याला अधिक ५० आले तर टॉप. निम्म्याहून जास्त वेळा चालणार असेल तर पेअर्समध्येही खेळावं. माझ्या अंदाजाने तो चालतो.

मधल्या काळात सामानाची रड. परभणीच्या एप्रिलमध्ये कागदी पत्ते हाताला असे चिकटतात की डमी उतरताना तीन पानं एकत्र निघतात. कोणीतरी कॅरमची बोरिक पावडर फासून बघितली. पहिले दोन बोर्ड पानं लोण्यासारखी सरकली, मग घामात पावडरचा लगदा झाला आणि इस्पिक राजाच्या तोंडाला पांढरे डाग पडले. आता पूर्ण प्लास्टिकचेच पत्ते. महाग आहेत, पण ओल्या फडक्याने पुसता येतात. सुताराकडून प्लायचे बोर्ड करून घेणाऱ्यांना एकच सांगणं, खिसा पानापेक्षा दोन मिलिमीटर मोठा ठेवायला सांगा, नाहीतर कोपरे मुडपतात. बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे) मागवले तिथून चार बॉक्समध्ये डबलचं (गुण वाढवणाऱ्या बोलीचं) एकही कार्ड आलं नाही, त्यामुळं सध्या आमच्याकडे डबल तोंडी आहे आणि सगळ्यांना तो आवाज चढवूनच द्यायचा असतो.

हॉलचं मात्र जमलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पेअर्सचं सुवर्ण आणलं, त्या बातमीचं कात्रण मालकांना पुन्हा दाखवलं. “जुगार नाही ना मग?” एवढंच विचारून त्यांनी किल्ली दिली.

पुढचा बेत म्हणून बचावाचे सहा बोर्ड लावणार होतो. लिहिता लिहिता त्याहून बरं सुचलं. बोर्ड ११ मध्येच डमीची इस्पिक दुर्री पश्चिमेला आणि पश्चिमेची किलवर चौकी डमीला द्यायची. आता डमीत किलवर एक्का, पंजी आणि चौकी. पूर्वेने राजा काढला तर दक्षिण डमीतून लहान पान टाकतो, पुढचं किलवर हातातल्या राणीने घेतो, एक्का शाबूत आणि दहा हात. एका पानाच्या अदलाबदलीने सगळा डाव उलटा. दोन्ही बोर्ड एकाच संध्याकाळी, लांब लांब अंतराने खेळवायचे. पूर्व राजा काढतो का, आणि दुसऱ्यात दक्षिण तो सोडतो का, दोन्ही बघायचं. नांदेडचे दोघं पॅसेंजरने येणार आहेत, त्यांनी हे कोडं पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांना पूर्वेलाच बसवू. फक्त आधी त्यांना काही बोलू नका. वकीलसाहेब, हे तुम्हालाच.